आकड्यांचे भाऊबंद

धाराशिव जिल्ह्यातले तेर हे गोरोबाकाकांचे गाव. समाधीचे दर्शन घेऊन मी बाहेर पडलो, तो मोकळ्या जागेत पोरांचा विटीदांडू रंगला होता. दांडूने मोजणी चालली होती: "वकट, लेंड, मूंड, नाल..."

हे शब्द पोरांनी उगाच रचलेले नव्हेत बरे! तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वाटेल की शेजारच्या कानडीतून आले असतील. पण तिथे एकाला ओंदु आणि दोनाला एरडु म्हणतात. तेव्हा वकट आणि लेंड तेलुगूकडचेच.

तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पहिल्या शतकात त्याची नोंद झाली. इथे येणाऱ्या व्यापाऱ्यांनीच हे आकडे आणले, असे म्हणायचा मोह होतो. पण मग ते गल्ल्यावर उरायला हवे होते. उरले ते पोरांच्या खेळात. दुधाचा हिशेब करताना आपण एक, दोन, तीनच म्हणतो. वकट, लेंड हे खेळापुरते आलेले पाहुणे. त्यांच्यावरून मराठी आणि तेलुगू सख्ख्या बहिणी ठरत नाहीत.

भाऊबंदकी ठरवायला नुसते तोंडावळे जुळून भागत नाही. उच्चारांतले फरकही नेमाने पडावे लागतात. संस्कृतात 'स' तिथे फारसीत 'ह' : सप्त-हफ्त, मास-माह, सहस्र-हजार. असे ओळीने जुळले, की समजावे, दोघांचा आजा एकच.

आणि तरीही गुंता सुटत नाही! गावात हरिनामाचा सप्ताह बसतो, त्याच आठवड्यात मोटारसायकलचा हप्ता भरायचा असतो. 'सप्ताह' आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, 'हप्ता' फारसीतून घेतला. 'सात' मात्र सप्त, सत्त, सात असा प्राकृताच्या अंगाखांद्यावर वाढलेला घरचा मुलगा. तिघे एकाच कुळातले, पण घरात आले तीन दारांनी. 'हजार'चेही तसेच. हा सहस्राचा चुलतभाऊ. इराणात लहानाचा मोठा झाला आणि आपल्याकडे पाहुणा म्हणून येऊन कायमचा राहिला. सहस्राला आपण पूजेच्या नामावळीपुरते ठेवले.

सोलापूर ओलांडून विजापूरच्या बाजारात गेलात तर हजाराला 'साविर' ऐकाल. कानडीने तो 'सहस्रा'वरूनच उसना घेतला. तेलुगूने मात्र आपला 'वेयि' सोडलेला नाही.