अक्षरे तुटतात तेव्हा

समजा तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत तयार करीत आहात. दृश्ये जोडून झाली, आवाजही बसवला. आता सुरुवातीला शाळेचे नाव उर्दूत द्यायचे आहे. तुम्ही नाव टाइप करता आणि पाहता तो काय! सगळी अक्षरे सुटी आणि क्रमही उलटा! असे का होते, ते पाहू या.

'किताब' हा शब्द घ्या. उर्दूत तो काफ, ते, अलिफ आणि बे या चार अक्षरांनी लिहितात. पहिली तीन अक्षरे एकमेकांना जोडली जातात, तर बे वेगळा राहतो. शब्दातील जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. संगणक मात्र फक्त अक्षरांचा क्रम साठवतो. त्यांना योग्य रूप देण्याचे व उजवीकडून डावीकडे मांडण्याचे काम सॉफ्टवेअरचा एक वेगळा भाग करतो. हा भाग नसेल, तर काफ डाव्या टोकाला जातो आणि बे उजव्या टोकाला!

मराठीचेही असेच हाल होतात. 'किताब' लिहिताना 'क'ची वेलांटी त्याच्या आधी दिसायला हवी. ती नंतर आली, की 'त'ची वाटू लागते. जोडाक्षरेही तुटतात.

मग उपाय काय? प्रथम सॉफ्टवेअरची मांडणी तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ अॅडोबी प्रीमियर प्रोमध्ये, दक्षिण आशिया व मध्यपूर्वेतील भाषांसाठी वेगळा पर्याय असतो. तो निवडला की अक्षरे जुळतात.

असा पर्याय नसेल, तर काही जण शब्द उलटा टाइप करतात. त्याने क्रम सुधारतो, पण अक्षरे सुटीच राहतात. त्यापेक्षा पुढील युक्ती चांगली.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू नीट उमटते, त्यात नाव लिहा. चित्रफीत 1920 × 1080 बिंदूंची असेल, तर पानही तेवढेच घ्या. पानाची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा आणि ते पीएनजी प्रकारचे चित्र म्हणून साठवा. जेपीजी वापरू नका. त्यात पारदर्शकता नसते, म्हणून अक्षरांमागे पांढरा चौकोन दिसतो. आता हे चित्र दृश्याच्या वरच्या पट्टीवर ठेवा. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती अक्षरे नसून केवळ चित्र आहे. त्यामुळे ते त्यांची मोडतोड करू शकत नाही. नाव हळूहळू उलगडायचे असेल, तर उजवीकडून उघडणारा परिणाम निवडा.

या युक्तीला एक मर्यादा आहे. चित्रातील चूक तेथल्या तेथे सुधारता येत नाही. मूळ लेखनात दुरुस्ती करून चित्र पुन्हा साठवावे लागते. म्हणून मूळ लेखन जपून ठेवा आणि चित्र करण्यापूर्वी ते शिक्षकांना दाखवा. एक नुक्ता जास्त झाला, तर तेचा से होतो आणि एखाद्या विद्यार्थ्याचे नावच बदलते. नुक्ते स्पष्ट दिसावेत म्हणून अक्षरे मोठी घ्या.

ही युक्ती नवी वाटली, तरी तिच्यामागची कल्पना जुनी आहे. छापखान्याच्या सुट्या खिळ्यांनी नस्तालीक लिपी नीट जुळत नसे. म्हणून उर्दू वर्तमानपत्रांत कातिब मजकूर हाताने लिहीत आणि त्या लिखाणावरून पान छापले जाई. 1981 मध्ये सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांची 'नूरी नस्तालीक' अक्षरे वर्तमानपत्रात वापरली जाऊ लागली. त्यासाठी हजारो जोडअक्षरे आधी हाताने लिहिली गेली होती.

यंत्राला आपली लिपी येत नसेल, तर लिपी सोडू नये. यंत्राला समजेल अशा रूपात ती त्याच्यासमोर ठेवावी. कातिबांनी तेच केले. तुम्हांलाही ते करता येईल.