राखीगढीची बाई आणि बर्लिनच्या कवट्या

हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरचा डीएनए बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकापर्यंत पोहोचला, तसा जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागला: आर्य बाहेरून आले नाहीत, हे आता सिद्ध झालं ना?

पुरावा आहे एका बाईचा सांगाडा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. उशाशी मातीची भांडी ठेवून तिला पुरलं होतं. तिथल्या उष्ण मातीत डीएनए टिकणं महाकठीण. साठाहून अधिक नमुने तपासले, पण कामाचा निघाला तो हिचाच. तोही आतल्या कानाभोवतीच्या दगडासारख्या घट्ट हाडातून. त्याच्या भुकटीतून शंभराहून अधिक वेळा डीएनए वेचला, तेव्हा कुठे त्याचे तुटके धागे जुळले. ही चिकाटी खरोखर थक्क करणारी आहे!

आर्य म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्या मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश तिच्यात सापडला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘आर्य आलेच नाहीत’ असा गाजावाजा सुरू झाला. पण यादवकालीन घराच्या चुलीपाशी मिरची मिळाली नाही, म्हणून ती बाहेरून आलीच नाही असं कोण म्हणेल? मिरची पोर्तुगीजांबरोबर नंतर आली. राखीगढीची बाईही आधीची. त्याच महिन्यात ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा दुसरा शोधनिबंध आला. पशुपालकांचा अंश इथे मिसळला तो इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. राखीगढीचे उत्खननकर्ते वसंत शिंदे यांचं नाव दोन्ही शोधनिबंधांवर आहे! अर्थात डीएनएवरून भाषा कळत नाही, आणि ‘स्वारी’ झाली असंही ठरत नाही.

हाडांकडून हवं ते वदवून घेण्याची धडपड जुनीच. या चर्चेत मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, हे खटकतं. १९२७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांच्या लेखनाचा आधार पुढे नाझींनी घेतला. गोऱ्या युरोपीयांची कवटी एका बाजूला अधिक भरलेली असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे, असं फिशर मानत. बाविशीतल्या इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या सुमारे दीडशे कवट्या हातात घेऊन मोजल्या. डावी-उजवीकडचा फरक सगळ्यांतच होता. वंशाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं, आणि फिशरनी त्यांना पदवीपुरते, अगदी कमीत कमी गुण दिले.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. राखीगढीची ती बाई उकरून काढणारे पुरातत्त्वज्ञ याच संस्थेचे.