नव्या नाटकाचा कैवार

नव्या नाटकाची कड घेण्याची चाल आपल्याकडे आजची नव्हे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत पारिपार्श्वक सूत्रधारास स्पष्टच विचारतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा कीर्तिमंतांच्या कृती सोडून आजकालच्या कालिदासाला एवढा मान कशास? जुनेपणा हे गुणाचे प्रमाण नव्हे, जाणता मनुष्य स्वतः पारखून घेतो, अशा आशयाचे उत्तर सूत्रधार देतो. गंमत अशी की, ज्या भासाच्या कीर्तीचा तेव्हा एवढा दरारा, त्याची म्हणून ओळखली जाणारी नाटके गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथे छापली, तेव्हा कोठे ती विद्वानांच्या दृष्टीस पडली. सौमिल्लाचे तर केवळ नाव उरले आहे!

मराठीत असे सूत्रधारपण १९६० साली निघालेल्या ‘रंगायन’ने पत्करले. नागपूरच्या महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथे’त आली. लेखक त्या वेळी अपरिचितच. तथापि विजयाबाई मेहतांनी त्यांच्या एकांकिका रंगभूमीवर आणल्या, आणि पुढे १९८५ साली ‘वाडा चिरेबंदी’ही त्यांनीच बसविले.

नाटककाराची मुलाखत हाही कैवाराचाच एक प्रकार होय. परंतु ‘प्रेरणा कोठून मिळाली?’ या ठरीव प्रश्नाने ती फुकट जाते. नाटक न वाचता मुलाखतीस बसणारा गृहस्थ धडा न पाहता वर्गात शिरणाऱ्या मास्तरासारखाच समजावा. ‘वाड्या’त कर्ता पुरुष निवर्तला आहे, गावजेवणाच्या खर्चावरून भावाभावांत हिशेब चालले आहेत, दाराशी ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि जिला शिकू दिले नाही ती प्रभा घरातच कुढते आहे. विचारावयाचे तर हे विचारावे की, प्रभेला अडविणारे हे घर निष्ठुर आहे, की नुसते भित्रे? एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणासही हा प्रश्न झोंबल्यावाचून राहणार नाही.

नव्या नाटकाचे मरण बहुधा टीकेने येत नाही, रिकाम्या खुर्च्यांनी येते. परीक्षण छापून येईतो आपण थांबतो, आणि तोवर निर्मात्याला पुढील प्रयोगाची तारीख घेण्याचा धीर उरत नाही. म्हणून प्रयोग प्रथमच लागला असता जावे. घरी आठदहा माणसे असल्यास रविवारी रात्री भूमिका वाटून एखाद्या नवख्या लेखकाची संहिता मोठ्याने वाचावी, जमल्यास त्यालाही बोलवावे. मात्र अशा बैठकीत वडीलधाऱ्यांनी आपले मत शेवटी सांगावे. नाही तर सुना-मुले तोंड उघडीत नाहीत.