महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स : जन्म आणि कार्य

अंदाजपत्रक जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र उघडावें, तों त्यांत कोणत्या ना कोणत्या चेंबर ऑफ कॉमर्सचें मत छापलेलें असतें. कर वाढला तर चेंबर नाराज, सवलत मिळाली तर चेंबर संतुष्ट. सुशिक्षित घरांतील वाचक तें मत वाचतो आणि पान उलटतो. ही संस्था कोणाची, तिच्या म्हणण्याला सरकारदरबारीं किंमत कां, आणि मुंबईसारख्या एकाच शहरांत अशा संस्था तीन-तीन कशासाठीं, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्राच्या नांवानें चालणारें जें चेंबर १९२७ सालीं निघालें, त्याची हकीकत या प्रश्नांचा उलगडा करण्यास विशेष उपयोगी आहे. कारण दोन जुन्या व बलाढ्य संस्था शेजारीं उभ्या असतांना तें निघालें.

व्यापारउदीम करणाऱ्यांनीं एकत्र येणें ही गोष्ट या भूमीला नवी नव्हे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो शिलालेख आहे, त्यांत गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची ठेव ठेवल्याची नोंद आहे. पैकीं २,००० दरमहा शेंकडा एक दरानें आणि १,००० दरमहा शेंकडा पाऊण दरानें. ज्या संघाकडे राजाचा जांवई दानधर्माची रक्कम कायमची सोंपवितो, त्या संघाची पत केवढी असली पाहिजे! पुढें मराठेशाहींत पेठेचे शेटे आणि महाजन हे वतनदार असत. पेठ वसविणें, वजनेंमापें पाहणें, दुकानदारांचे तंटे मिटविणें हीं कामें त्यांच्याकडे होतीं. परंतु श्रेणी ही एका धंद्याची आणि शेटे-महाजन हे एका पेठेचे. सराफ, कापूसवाला, गिरणीमालक, आगबोटवाला या सर्वांना एका बैठकीवर बसवून सर्वांच्या वतीनें बोलणारी संस्था हा मात्र युरोपांतून आलेला प्रकार होय.

त्याचें मूळ फ्रान्समधील मार्सेय बंदरांत सांपडतें. तेथें १५९९ सालीं असें पहिलें मंडळ स्थापन झालें. फ्रान्स व जर्मनी या देशांत पुढें ह्या मंडळांना कायद्याचा आधार मिळाला व धंदेवाल्याला सभासद होणें भागच पडलें. इंग्लंडांत रीत वेगळी. तेथें ज्याला वाटेल त्यानें वर्गणी भरावी, न वाटेल त्यानें दूर राहावें. हिंदुस्थानांत इंग्रजी रीत आली, आणि तिच्याबरोबर तिचा गुण व दोष हे दोन्ही आले. गुण असा कीं, संस्था सरकारची मिंधी राहत नाहीं. दोष असा कीं, जे सभासद झाले नाहींत त्यांच्या वतीनेंही ती बोलत असते.

ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता १८१३ च्या सनदेनें मोडला आणि चीनच्या व्यापाराचा १८३३ च्या सनदेनें. खाजगी पेढ्यांना मैदान मोकळें झालें. पाठोपाठ १८३६ सालीं मुंबईंत बाँबे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. त्यांत कांहीं देशी व्यापारी होते, तरी सूत्रें युरोपियन पेढ्यांच्या हातीं राहिलीं. त्यांच्या दृष्टीनें मुंबई म्हणजे कापूस बाहेर जाण्याचें आणि विलायती माल आंत येण्याचें दार. बंदर नीट असावें, टपाल वेळेवर यावें, खानदेश-वऱ्हाडचा कापूस भिजल्याशिवाय व भेसळ झाल्याशिवाय धक्क्यावर पोहोंचावा, या गोष्टींसाठीं त्यांनीं खटपट केली आणि तिचा फायदा सर्वांनाच झाला, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. परंतु विलायती कापडावरील जकात किती असावी, हा प्रश्न निघाला म्हणजे मँचेस्टरचा माल आणणाऱ्या पेढीचें आणि परळच्या गिरणीवाल्याचें हित एक कसें असणार?

स्वदेशीची लाट उसळल्यावर ही विसंगति अधिकच बोचूं लागली. १९०७ सालीं मनमोहनदास रामजी यांच्या अध्यक्षतेखालीं इंडियन मर्चंट्स चेंबरचा जन्म झाला. देशी व्यापाऱ्याला स्वतःचा आवाज मिळाला. तो आवाज किती दूरवर पोहोंचला हें पाहण्यास हुंडणावळीच्या वादासारखें उदाहरण नाहीं. विषय रुक्ष आहे, पण थोडा धीर धरल्यास समजण्याजोगा आहे. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स धरला, तर एका पौंडाचे १५ रुपये होतात. तो १ शिलिंग ६ पेन्स धरला, तर त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होतात. लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाला पौंडांत जो भाव मिळतो तो मिळतोच. फरक पडतो तो इकडे पैसे घेतांना. म्हणजे प्रत्येक पौंडामागें १ रुपया १० आणे ८ पै इतकी रक्कम कमी हातीं येते, आणि ती अखेर कापूस पिकविणाऱ्याच्या पदरांतून जाते. उलट विलायती माल तेवढाच स्वस्त होऊन देशी गिरणीच्या मालाशीं स्पर्धा करूं लागतो. १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें १ शिलिंग ६ पेन्स या दराची शिफारस केली, तेव्हां कमिशनांतील सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं आपलें विरुद्ध मत स्वतंत्र टिपणांत नोंदविलें. ते इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्वर्यु होते. सरकारनें त्यांचें ऐकलें नाहीं. १९२७ च्या चलनकायद्यानें १८ पेन्सांचा दर पक्का झाला. परंतु कोल्हापुरांतील गुळाच्या अडत्याला किंवा जळगांवच्या कापूसवाल्याला ज्या प्रश्नाचें नांवही ठाऊक नव्हतें, तो त्याच्याच खिशाचा प्रश्न आहे हें या वादानें दाखवून दिलें.

आणि येथेंच तिसऱ्या संस्थेची गरज दिसूं लागते. इंडियन मर्चंट्स चेंबर देशी खरें, पण तें मुख्यतः मुंबई शहराचें. शेअरबाजार, गिरण्या, बंदर, सराफी यांचा विचार तेथें बारकाईनें होई. सोलापूरच्या हातमागवाल्याला सूत कोणत्या भावानें मिळतें, सांगलीच्या हळदीला रेल्वेचें भाडें किती पडतें, नाशिकचा कांदा वाघिणी न मिळाल्यामुळें कसा सडतो, हे प्रश्न तेथें मांडावयाचे कोणीं? जिल्ह्यांतील व्यापारी मुंबईस येई तो अडत्याचा पाहुणा म्हणून. सभेचा सभासद म्हणून नव्हे. शिवाय मराठी मुलुखांतही आतां कारखानदारीचा उदय झाला होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्यास औद्योगिक परिषदेचा उपक्रम केला त्याला पस्तीसांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं. पैसाफंडाचा तळेगांवचा कांच कारखाना १९०८ पासून, किर्लोस्करवाडी १९१० पासून आणि ओगल्यांचा कांच कारखाना १९१६ पासून उभा होता. मराठी माणसाला नोकरीखेरीज दुसरें सुचत नाहीं असें म्हणणाऱ्यांस हीं उत्तरें होतीं, पण तीं विखुरलेलीं होतीं.

तीं एकत्र आणण्याचा उद्योग शेठ वालचंद हिराचंद यांनीं केला. १९२७ सालीं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालें तें त्यांच्याच पुढाकारानें. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. घराणें गुजराथी जैन, पण पिढ्यांचा व्यवहार सोलापुराशीं. वडिलोपार्जित सावकारी व अडत सोडून त्यांनीं लक्ष्मणराव फाटक या पूर्वीं रेल्वेंत कारकुनी केलेल्या गृहस्थांबरोबर कंत्राटदारी सुरू केली. पुढें १९१९ सालीं त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल रोजीं मुंबईहून लंडनला निघाली. इंग्रज आगबोट कंपन्यांनीं भाडीं पाडून या देशी कंपनीला बुडविण्याचा चंग बांधला, तेव्हां एकट्या धंदेवाल्याची ताकद कोठें संपते हें वालचंदांना चांगलेंच कळलें. पैसा, कर्तबगारी, धाडस हें सर्व असूनही कायदा आणि धोरण परक्याच्या हातीं असेल तर संघटनेवांचून गत्यंतर नाहीं. त्याच १९२७ सालीं हिंदी व्यापारी संस्थांची फेडरेशनही निघाली, आणि पुढें १९३२ सालीं तिचें अध्यक्षपद वालचंदांकडे आलें. जिल्ह्यांतील पेठ, प्रांताचें चेंबर आणि देशाची फेडरेशन अशी ही साखळी जुळत गेली. १९३४ सालीं पुण्यास मराठा चेंबरही निघालें. त्या नांवांतील मराठा हा शब्द जातीचा नव्हे. १८८१ सालीं निघालेल्या 'मराठा' पत्राच्या नांवांत तो ज्या अर्थानें आहे, त्याच अर्थानें तो येथें आहे.

अशी संस्था करते काय, याचें उत्तर ठराव आणि भोजनें एवढेंच नाहीं, जरी या दोहोंची कमतरता कधीं नसते. परदेशीं माल पाठविणाऱ्यास तो माल याच देशांत तयार झाला असा दाखला लागतो. तो दाखला देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त चेंबरना असतो. दोन व्यापाऱ्यांत मालाच्या प्रतीवरून वाद पडला, तर कोर्टांत वर्षानुवर्षें घालविण्यापेक्षां त्या मालाची जाण असणाऱ्या पंचांकडे तो सोंपविण्याची सोय कांहीं चेंबर करून देतात. शेट्या-महाजनांचें जुनें काम तें हेंच. विधेयक येण्यापूर्वीं सरकार त्यांचें मत मागवितें, रेल्वेच्या व बंदराच्या सल्लागार मंडळांवर त्यांचे प्रतिनिधि जातात. इंग्रजी अमलांत तर मुंबईच्या कायदेमंडळांत व्यापारी संस्थांना राखीव जागा होत्या. प्रौढ मतदानाचें राज्य आल्यावर त्या गेल्या, आणि तें योग्यच झालें. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां या बहुतेक संस्था नफा न वांटणाऱ्या कंपन्या आहेत. पूर्वीं १९१३ च्या कंपनी कायद्याचें २६ वें कलम, नंतर १९५६ च्या कायद्याचें २५ वें, आणि २०१३ च्या कायद्याचें ८ वें कलम त्यांना लागू पडतें.

मुंबई आणि बाकीचा महाराष्ट्र यांच्यांतील तेढ मात्र चेंबरांच्या स्थापनेनें मिटली नाहीं. १९५४ च्या सुमारास राज्यपुनर्रचनेचा प्रश्न निघाला, तेव्हां मुंबई महाराष्ट्रांत जाऊं नये असा आग्रह धरणाऱ्या बाँबे सिटिझन्स कमिटीचें नेतृत्व सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्याकडेच होतें. रुपयाच्या वादांत ज्यांनीं शेतकऱ्याची बाजू मांडली, तेच राजधानीच्या वादांत त्याच शेतकऱ्याच्या प्रांतापासून शहर तोडूं पाहत होते. यांत ढोंग नाहीं. व्यापाऱ्याचें हित जेथपर्यंत जातें तेथपर्यंतच व्यापारी संस्थेची दृष्टि जाते, इतकाच याचा अर्थ. म्हणून चेंबरचें मत वाचतांना तें कोणाचें मत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें. मजुराचें तें नसतें. ग्राहकाचें क्वचित् असतें. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचें असतें कीं नाहीं, हें त्यानें वर्गणी भरली आहे कीं नाहीं यावर अवलंबून.

तरीही लहान दुकानदाराला संघटनेची गरज पटते ती संकट दाराशीं आल्यावर. २०१३ सालीं महाराष्ट्रांतील अनेक शहरांत जकातीऐवजीं स्थानिक संस्था कर वसूल होऊं लागला, तेव्हां हिशेबाच्या नव्या कटकटी व तपासणीचा धाक यांमुळें व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवलीं. घरोघरीं साखर-तेलाची अडचण झाली व व्यापाऱ्यांना शिव्या बसल्या. २०१५ च्या ऑगस्टपासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता तो कर रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होतांच मुंबईच्या वेशीवरचे जकातनाकेही इतिहासजमा झाले. त्या चार वर्षांत पेठेपेठेंतील व्यापारी संघ आणि प्रांतिक चेंबर यांच्यामधील जाण्यायेण्याची वाट पुष्कळ रुळली.

महाराष्ट्र चेंबरच्या नांवांत पुढें उद्योग आणि शेती या दोन शब्दांची भर पडली. १९२७ सालीं शेतकरी हा या संस्थेच्या दृष्टीनें माल पुरविणारा होता. द्राक्षें, डाळिंबें व कांदा परदेशीं पाठविणारा नाशिककडचा बागाईतदार आज स्वतःच निर्यातदार आहे, आणि मूळ देशाच्या दाखल्यासाठीं तोही चेंबरच्या दारांत उभा राहूं लागला आहे.