मुलांचं ‘टर्टल’ आणि पालकांचे गैरसमज

नेरूळसारख्या ठिकाणी फ्लॅटमध्ये राहणारं मूल कासव मागतं, तेव्हा त्याला बहुतेक वेळा हवं असतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. दुकानात त्याला नुसतं ‘टर्टल’ म्हणतात. त्याचं नाव रेड-इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. सोबत प्लॅस्टिकचा डबा, त्यात खोटं नारळाचं झाड आणि सुक्या कोळंबीचं पाकीट. त्या डब्याबरोबर बरेच गैरसमजही घरात येतात.

गैरसमज : हे एवढंसंच राहतं.

वस्तुस्थिती : पाच रुपयांच्या नाण्याएवढं दिसणारं पिल्लू मादी निघालं तर तिची पाठ २५ सेंटिमीटरच्याही पुढे जाते. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे आज दुसरीत असलेली मुलगी नोकरीला लागेल, तेव्हाही त्याची टाकी कुणीतरी धुवत असेल. पाण्याचा ढोबळ हिशेब पाठीच्या दर अडीच सेंटिमीटरला ४० लिटर. पूर्ण वाढलेल्या कासवाला ४०० लिटर झाले, आणि नुसतं पाणीच ४०० किलो. जुन्या इमारतीच्या बाल्कनीवर एवढा भार टाकू नका. टाकी आतल्या खोलीत, भक्कम स्टँडवर हवी आणि तिला चांगला फिल्टर हवा.

गैरसमज : खिडकीजवळ ठेवलं की ऊन मिळतंच.

वस्तुस्थिती : बरीच पिल्लं या समजुतीपायी खंगतात. कासवाला उजेड आणि ऊब तर हवीच, पण त्याहून महत्त्वाचे उन्हातले यूव्हीबी किरण. त्यांच्यामुळे त्वचेत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. बाल्कनीच्या सरकत्या काचेतून उजेड आत येतो, यूव्हीबी जवळजवळ सगळे बाहेरच अडतात. शिवाय काचेची टाकी थेट उन्हात ठेवली तर पाणी तापून पिल्लू दगावू शकतं.

म्हणून पाण्याबाहेर पूर्ण कोरडं राहील असं बसायचं ठिकाण करा, त्यावर ऊब देणारा दिवा लावा आणि शेजारी यूव्हीबीची ट्यूब. बसायच्या जागी ३२ अंशांच्या आसपास आणि पाण्यात २५ अंशांच्या आसपास तापमान हवं. ते अंदाजाने ठरवू नका, थर्मामीटर लावा. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने पाण्याला हीटर लागत नाही. पावसाळ्यात मात्र ऊन गायब होतं आणि काहीच वाळत नाही, तेव्हा दिव्यांखालची कोरडी जागा फारच गरजेची. यूव्हीबीची ट्यूब पेटत राहिली तरी तिचे किरण कमी होत जातात. सहा ते बारा महिन्यांत ती बदला.

जागा जमली की कासव स्वतःच सांगतं. वर चढतं, मान पूर्ण बाहेर काढतं, मागचे पाय ताणून बोटं फाकवतं आणि पाठ वाळेपर्यंत हलत नाही. पाठ मऊ लागली किंवा वेडीवाकडी वाढू लागली, तर सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा.

गैरसमज : सुकी कोळंबी पुरते.

वस्तुस्थिती : नुसत्या कोळंबीवर ठेवलेल्या पिल्लात ए जीवनसत्त्व कमी पडून पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत. कासवासाठीच्या गोळ्या, गाजर, लेट्युस, पाणवनस्पती द्या. वय वाढतं तसा पाल्याचा वाटा वाढवा. खाणं पाण्यातच टाका, कारण हे कासव पाण्याबाहेर गिळू शकत नाही.

गैरसमज : स्लायडरऐवजी तारा कासव पाळलं की घरात लक्ष्मी येते.

वस्तुस्थिती : येते ती वनखात्याची कारवाई. तारा कासव २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगणाऱ्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पावसात रस्त्यावर आलेलं आपलं देशी मऊ पाठीचं कासवही त्याच अनुसूचीत. मुलांनी उचलून आणलं तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

गैरसमज : कासव स्वच्छ प्राणी आहे.

वस्तुस्थिती : निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात साबणाने धुवा, टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच धुवू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की कासव आणू नये.

गैरसमज : कंटाळा आला की तलावात सोडलं, पुण्य लागलं.

वस्तुस्थिती : जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत रेड-इअर्ड स्लायडरचं नाव आहे, आणि युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. ते तलावात सुटलं की देशी कासवांचं अन्न आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतं. म्हणून सांभाळणं होत नसेल तर ते ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पाण्यात किंवा दुसऱ्या कुठल्याही तलावात सोडू नका. अनुभवी पाळणारा किंवा प्राणिमित्र संस्था शोधा, आणि ती सापडेपर्यंत त्याची टाकी आणि दिवे चालू ठेवा.