परवचा : आजी-आजोबांचा संस्कारवर्ग

दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलांनी आजी-आजोबांपुढे बसायचे आणि परवचा म्हणायचा, हा अनेक मराठी घरांतील एके काळचा नित्यनेम. परवच्यात ‘शुभं करोति’ आणि ‘रामरक्षा’ असे. त्याचबरोबर वार, महिने, तिथी, नक्षत्रे आणि पाढेही असत. हे पाढे केवळ पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी अपूर्णांकांचीही उजळणी होई.

रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, मापे शेर-पावशेराची होती, तोवर हे पाढे बाजारात रोज उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान चलन आले, पुढे किलो-लिटरही रूढ झाले आणि पावकी-औटकीचे प्रयोजन संपले.

मात्र त्या तासाभरात मुले पाढ्यांपलीकडचेही पुष्कळ शिकत. ठरल्या वेळी बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, धाकट्याचे चुकले तर न हसता सांभाळून घेणे, हे कोणी उपदेश करून शिकवत नसे. आई-वडील कामाच्या घाईत असत. आजी-आजोबांपाशी सवड असे. ही सवड आणि रोजचा सहवास यांतूनच संस्कार रुजत.

अर्थात, जुने ते सारेच जपण्याजोगे नव्हते. भावाचा परवचा चालू असताना बहिणीला पाने घ्यायला उठवले जाई; शिवाशीव आणि जातीचा अभिमानही अशाच सहवासातून नकळत पुढच्या पिढीत उतरे. म्हणूनच काय पुढे न्यायचे आणि काय थांबवायचे, याचा विवेक मधल्या पिढीने करायला हवा. तोही मुलांसमोर वडीलधाऱ्यांचा अवमान न करता. मतभेद असूनही आदर राखता येतो, हा धडा मुलांना त्यातूनच मिळतो.

आज आजोबा पुण्यात आणि नात परदेशात, असे चित्र घरोघरी दिसते. दिवेलागणीची वेळही दोन्हीकडे एक नसते. तरीही दोघांच्या सोयीची वेळ ठरवून रोज पंधरा मिनिटे दूरध्वनीवर बोलता येईल. एखादी गोष्ट, एखादे कोडे, घरातल्या जुन्या आठवणी, असे काहीही चालेल. नातीनेही आजोबांना काही नवे शिकवावे. मात्र या नेमात खंड पडू नये; परवच्याचे बळ त्या सातत्यातच होते.