ओढ्याकाठची विहीर आणि युरियाचे पोते

ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या आपल्या वाडवडिलांचा हा अनुभव खोटा नव्हता. परंतु आज तेच पाणी तान्ह्या बाळाला पाजण्यापूर्वी तपासून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. त्याचे कारण समजून घेऊ.

निपाणी भागातील काळ्या रानात पूर्वी पावसावरची तंबाखू होती. कालव्याचे व उपशाचे पाणी आले, तसा ऊस वाढला. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो, म्हणजे एकरी 100 किलो नत्राची शिफारस असते. युरियात नत्र शेकडा 46. तेव्हा सर्व नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले, तरी 45 किलोची पाच पोती पुरतात. हिरवागार ऊस पाहण्याच्या हौसेने आपण त्यावर आणखी किती टाकतो, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

युरिया जमिनीत पडला की प्रथम त्याचा अमोनिया होतो. तो मातीला धरून राहतो. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र मातीला चिकटत नाही. पिकाने उचलले नाही, तर ते पाण्याबरोबर खाली झिरपते आणि भूजलातून ओढ्याकडे सरकू लागते.

येथे निसर्गाची एक सोय आहे. ओढ्याकाठची जमीन ओली, पालापाचोळ्याची, मुळांनी भरलेली असते. तेथे खाली हवा पोहोचत नाही. अशा जागी राहणारे जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि बहुतेक नत्र वायुरूपाने हवेत परत सोडतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील एक अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. मक्याच्या शेताखालचे पाणी काठच्या झाडीखालून गेले, तेव्हा त्यातील नायट्रेट फार कमी झाल्याचे त्यात दिसले.

ही सोय आपणच मोडतो. उंबर, करंज, लव्हाळा तोडून ओढ्याच्या कडेपर्यंत नांगर घालतो. ओढा खोल व सरळ करतो. त्यामुळे काठाखालचे पाणी उतरते, माती कोरडी पडते, तिच्यात हवा शिरते आणि जिवाणूंचे काम थांबते. शेतातून काढलेला चर तर पाणी काठाखालून न नेता थेट ओढ्यात सोडतो. उरलेली भर विहिरीजवळचा उकिरडा आणि शौचखड्डा घालतात.

धोका कोणाला? मुख्यतः सहा महिन्यांच्या आतील बाळाला. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉमली यांनी 1945 साली विहिरीच्या पाण्याशी असलेला याचा संबंध दाखवून दिला. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ही गोष्ट आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावी.

मग काय करावे?

1. माती तपासून खत द्यावे. युरिया एकदम न टाकता चार हप्त्यांत, मातीआड करून द्यावा. मोठ्या पावसाच्या तोंडावर देऊ नये. शेणखत व हिरवळीचे खत घातल्यास तेवढा युरिया कमी करावा.
2. ओढ्याच्या कडेने काही हात रुंदीचा पट्टा न नांगरता सोडावा. तेथे वाळा, गवत, करंज वाढू द्यावे. जनावरांना वैरणही मिळेल.
3. उकिरडा व शौचखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूस असावा.
4. विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.
5. सहा महिन्यांपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. वरचे दूध द्यावेच लागले, तर ते तपासलेल्या पाण्यातच करावे. बाळ निळसर दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

काठचा पट्टा सोडला तर उसाच्या दोन-चार सऱ्या कमी होतील, हे आम्ही जाणतो. पण त्या ओढ्याखाली शेजाऱ्याचीही विहीर आहे आणि त्याच्याही घरी पाळणा हलतो आहे.